विग उतरवायचा राहून गेला

एक विग. घोड्याच्या केसांचा, पांढुरका, मागे काळी फीत. काम झालं की तो लाकडी ठोकळ्यावर चढवायचा, तोंड भिंतीकडे करून.

एक दार. घराचं समोरचं. आमच्याकडे सगळे गॅरेजमधून थेट स्वयंपाकघरात शिरतात. समोरचं दार म्हणजे पाद्री आणि विमावाले यांचं.

एक नाव. जोसाया. आमच्या गावात कित्येक पिढ्यांत कुणी पोराचं हे नाव ठेवलेलं नाही. का, म्हणून विचारलं तर लोक म्हणतात, सहज.

एक कुत्री. म्हातारी, सोफ्यावर झोपणारी. त्या फेब्रुवारीपासून ती मागच्या पडवीत झोपते. थंडीत. आत यायला तयार नाही.

या सगळ्याचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे लोइस प्राउटी मान्य करत नाही. तुम्हीही करू नका, हवं तर. पण जे घडलं ते भर दुपारी घडलं, भरल्या सभागृहात, डेलावेअर नदीकाठच्या टॅलमन्स लँडिंग गावात. तिथे बसलेली बहुतेक माणसं अजून गावातच आहेत. त्यांना विचारून बघा.

ती विषय बदलतील.

(प्रवेश)

लोइसचा नवरा वेंडेल प्राउटी. शाळेत इतिहास शिकवायचा. निवृत्त झाला आणि माणसं मासेमारीला लागतात तसा तो हे करायला लागला. एकपात्री. गुडघ्यापर्यंतचे मोजे, बकलांचे बूट, विग... आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या वेळचा एक माणूस तुमच्यासमोर उभा.

आमच्या भागात असे बरेच आहेत. कुणी सेनापती होतो, कुणी छापखानेवाला होतो. फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षांचा दिवस, जुलैत स्वातंत्र्यदिन; तेव्हा यांना फुरसत नसते.

वेंडेलने मात्र कुणी मोठा माणूस निवडला नाही. त्याने जोसाया ट्रेडवे निवडला.

ट्रेडवे आमच्याच गावचा. प्रांताच्या सभेत त्याने स्वातंत्र्याच्या बाजूने हात वर केला होता. त्याच हिवाळ्यात इंग्रजांनी त्याला पकडलं. तुरुंगात थंडीने पायाची बोटं गेली, आणि मग त्याने राजाशी इमान राखण्याची शपथ घेतली. सुटला. बर्फातून चालत घरी आला. दार ठोठावलं.

बायकोने दार उघडलं नाही.

गावात कुणीच उघडलं नाही.

वेंडेलचा प्रयोग तिथेच संपायचा. तो पाठमोरा उभा राहायचा आणि बुटाची टाच जमिनीवर आपटायचा.

ठक. ठक. ठक.

मग शांतता. लोकांना दार दिसायचं, इतकं ते खरं वाटायचं.

मागच्या बाकावरून लोइस मोठ्याने हाक मारायची, "वेंडेल प्राउटी!"

हाक आली की तो वळायचा, विग काढायचा, खिशातला चष्मा डोळ्यांवर चढवायचा आणि म्हणायचा, "मी वेंडेल प्राउटी. निवृत्त मास्तर. आता मला काहीही विचारा."

अशी पात्रं करणारे सगळे शेवटी हे करतात. पात्रातून उघडपणे, लोकांसमोर बाहेर यायचं. नाव घेऊन.

आणि दुसरा नियम. पात्रात असताना कुणी असं काही विचारलं जे तुम्हाला ठाऊक नाही, तर बनवून सांगायचं नाही. अदबीने मान झुकवायची आणि म्हणायचं, "ते मला स्मरत नाही, बाई."

डेल्फीन ओक्सने हे दोन्ही नियम वेंडेलला शिकवले होते. डेल्फीन स्वतः छावणीत कपडे धुणारी हॅना व्हायची. गुलामगिरीतून पळालेली, तोंडाची फटकळ. खरी डेल्फीनही त्याच तोंडाची.

"वेंडेल, तुझ्या त्या पिंढऱ्या जरा झाक," ती म्हणायची. "त्या वेळी इंग्रजांना या दाखवल्या असत्या ना, तर लढाईच झाली नसती."

"तुझा साबण संपला वाटतं, हॅना. तोंड धुतलेलं दिसत नाही."

"लोइस, याला घरी ने गं. नाहीतर मी बादलीत बुडवेन."

असं होतं. हसतं-खेळतं.

(बर्फ)

त्या शनिवारी दुपारी क्वेकर पंथाच्या जुन्या प्रार्थनाघरात प्रयोग होता. आकाश सकाळपासून जस्ताच्या पत्र्यासारखं. रेडिओवर वादळाचा इशारा.

आमच्याकडे बर्फाचा इशारा आला की लोकांना एकच सुचतं, दूध आणि पाव. दुकानं रिकामी व्हायच्या आत दूध आणि पाव. प्रयोग रंगात आला तेव्हाच मागची दोन-चार माणसं कोट चढवून उठली होती.

ठक. ठक. ठक.

वेंडेल पाठमोरा उभा होता. लोइस हाक मारायला उठली... आणि इतिहास मंडळाच्या बाई पुढे येऊन टाळ्या वाजवायला लागल्या.

"छान, फारच छान! मंडळी, प्रश्नोत्तरं पुन्हा कधीतरी. बर्फ सुरू झालंय, सांभाळून जा!"

बाकं करकरली. सगळे दाराकडे.

लोइस गर्दीतून पुढे गेली. वेंडेल अजून तसाच. पाठमोरा.

"चल रे, रस्ता बंद व्हायच्या आत निघू. कपडे घरी बदल."

तो तिच्यामागे आला. गाडीत गप्प. तिला वाटलं, दमला असेल.

त्यांच्या घराच्या तोंडाशी कचऱ्याचा डबा रस्त्यावरच राहिला होता. गाडी थांबवून ती म्हणाली, "तेवढा डबा आत घे. नाहीतर बर्फ काढणारी नांगरगाडी उडवून लावेल त्याला."

तो उतरला. तिने आरशात पाहिलं. तिरप्या टोपीतला एक माणूस, पांढऱ्या रस्त्यावर, निळ्या प्लॅस्टिकच्या डब्याकडे चालत होता. तिला हसू आलं.

गाडी गॅरेजमध्ये. ती स्वयंपाकघरात. मटाराचं सूप गॅसवर.

आणि समोरचं दार वाजलं.

ठक.

ठक.

ठक.

हाताने वाजवलेलं नव्हतं ते. टाच होती...

लोइस हसतच गेली. कडी गंजलेली, ती दोन्ही हातांनी ओढावी लागली. तो उंबऱ्यापलीकडे उभा होता. टोपी हातात. विगवर बर्फ. तो वर बघत नव्हता.

"आत येण्याची परवानगी आहे का, बाईसाहेब?"

"या, मिस्टर ट्रेडवे, या!" ती म्हणाली. "बायकोने नाही घेतलं ना? मी घेते. या आत."

त्याने उंबऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग एक पाय आत टाकला. मग दुसरा.

आणि तो रडायला लागला. आवाज न करता, लहान मूल फार मार खाल्ल्यावर रडतं तसं.

"पुरे हं वेंडेल," ती म्हणाली. "आता मलाही रडवशील. बूट काढ, सूप तयार आहे."

त्याने मान वळवून मागे पाहिलं. ती कुणाशी बोलते आहे, ते बघायला.

तिनेही पाहिलं. उघड्या दारातून बाहेर.

बर्फ पातळ पसरलं होतं. गाडी थांबली होती तिथून पावलं निघालेली... निळ्या डब्यापर्यंत गेलेली.

डब्यापासून दारापर्यंत काहीच नव्हतं.

सपाट. पांढरं.

डबा जागेवरच होता.

कुत्री सोफ्यावरून उतरली, त्याच्यापासून लांबून वळसा घालून गेली आणि मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

(मध्यंतर)

इस्पितळात सगळं तपासलं. मेंदूचे फोटो काढले. काहीच नाही. तरुण डॉक्टर म्हणाला, ताण असेल, येईल हळूहळू सगळं परत. तो डॉक्टरला म्हणाला, "आपला आभारी आहे." परिचारिका आत आली की उठून उभा राहायचा. सगळ्यांना तो फार आवडला.

घरी तो खुर्चीच्या कडेवर बसायचा. दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही. अंधार पडला की अंधारात बसून राहायचा, लोइस येऊन दिवा लावेपर्यंत. जे वाढेल ते खायचा आणि ताट पुसून घ्यायचा. विग काढू द्यायचा नाही. तिने हात पुढे केला की तो नुसता मागे सरकायचा, पण त्या सरकण्यात इतकी भीती असायची की तिचाच हात खाली यायचा.

ती पलंगावर झोपायची. तो समोरच्या दाराशी, आतल्या बाजूने, जमिनीवर.

एकदा ती सूप ढवळता ढवळता थांबली. तिला स्वतःलाच कळलं नाही तिने ते कसं विचारलं.

"माझा वेंडेल कुठे आहे?"

त्याने खरंच विचार केला. मग हळुवारपणे, धीर दिल्यासारखं म्हणाला, "बाहेर उभे असतील, बाई. मी पुष्कळ काळ उभा होतो. सवय होते."

लोइसने गॅस बंद केला. समोरचं दार उघडलं. बाहेर ऊन होतं. शेजारी फावड्याने बर्फ काढत होता, त्याने हात हलवला.

तिने दार उघडंच ठेवलं. संध्याकाळपर्यंत. घर गारठून गेलं.

कुणी आलं नाही.

डेल्फीन आली ती नेहमीच्याच झोकात. "कुठाय तो? बायकोला घाबरवतोस, मेल्या? आधी तो उवांचा टोप काढ डोक्यावरून!"

तो उठून उभा राहिला. तिच्याकडे पाहून मान झुकवली.

डेल्फीन दहा-पंधरा मिनिटं त्याच्याशी बोलली. विनोद केले. मग कमी केले. मग स्वयंपाकघरात येऊन टेबलाला धरून बसली.

"वेंडेलला मी पाठ केलंय, लोइस. कुठे श्वास घेतो, कुठे चुकतो. हा... हा कुठेच श्वास घेत नाही गं."

"म्हणजे?"

"बोलताना श्वास लागतो ना माणसाला? बघ जाऊन."

लोइस बघायला गेली नाही.

"त्या दिवशी तू हाक मारली नव्हतीस," डेल्फीन म्हणाली. "प्रयोग संपलाच नाही. आपण तो संपवू. तीच जागा, तेच लोक. तू हाक मार. मला दुसरं काही सुचत नाही, आणि तुझ्या त्या डॉक्टरला तर काहीच सुचत नाही."

लोइसने त्याला विचारलं. हात जोडून विचारलं म्हटलं तरी चालेल.

"आपण म्हणाल तसं," तो म्हणाला. "मी आपला पाहुणा."

(पुन्हा प्रवेश)

मार्च उजाडला होता. बर्फ कधीच वितळलं होतं, नदी गढूळ होऊन फुगली होती. लोक आले. मंडळाच्या बाईंनी घरोघर फोन केले होते, वेंडेलची तब्येत बरी नाही, त्याला बरं वाटेल. काहींनी त्याच्यासाठी केकसुद्धा आणले.

तो उभा राहिला आणि बोलू लागला.

ते वेंडेलने लिहिलेलं नव्हतं.

तुरुंगात शाई कशी गोठायची, ते त्याने सांगितलं. शपथेवर सही करण्यासाठी ती काखेत धरून कशी वितळवली. काखेतून ती अंगाला लागली, आणि ती धुवायला पुढे पाणी कुणी दिलं नाही. स्वतःच्या घराच्या खिडकीत दिवा होता आणि तो उभा असताना कुणीतरी तो फुंकला...

कुणी खोकलं नाही. कुणी कोट चढवला नाही.

मग तो पाठमोरा झाला.

लोइस उठून उभी राहिली. डेल्फीनने तिचा हात घट्ट धरला होता.

ठक. ठक. ठक.

लोक भारावून बघत होते. लोइस त्याच्या बुटांकडे बघत होती.

बूट हलले नव्हते.

आवाज बाजूच्या खोलीच्या दारातून आला होता. व्यासपीठाला लागून एक लहानशी खोली आहे, प्रयोगाआधी वेंडेल तिथे थांबायचा. तिचं दार बंद होतं.

ठक. ठक. ठक.

घाईघाईने. टाचेने नाही... मुठीने. आतून.

 लोइसने त्या दाराकडे तोंड केलं आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून हाक मारली.

"वेंडेल प्राउटी!"

दाराची मूठ फिरली. अर्धी.

आणि व्यासपीठावरचा माणूस वळला.

त्याने विग काढला. खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात, एकदाही न अडता तो म्हणाला,

"मी वेंडेल प्राउटी. निवृत्त मास्तर. आता मला काहीही विचारा."

सभागृह उठून उभं राहिलं. काय त्या टाळ्या! लोक रडत होते, हसत होते. कुणी शिट्टी मारली. त्या गदारोळात बाजूच्या दारावरची थाप...

ऐकू येत राहिली. मग येईनाशी झाली.

"बरा झालास रे बाबा!" मागून कुणीतरी ओरडलं. "सांग बघू, शाळेत मला किती वेळा वर्गाबाहेर काढलंस?"

हशा.

तोही हसला. मग त्याने अदबीने मान झुकवली.

"ते मला स्मरत नाही."

"वेंडेल, तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला आपण कुठे गेलो होतो सगळे?" एका मैत्रिणीने विचारलं.

मान झुकली.

"ते मला स्मरत नाही, बाई."

लोकांना वाटलं, गंमत करतोय. फार हसले.

डेल्फीनने लोइसचा हात सोडला.

लोइस बाकांवरून अडखळत बाजूच्या दाराशी पोचली. मूठ फिरवली. दार सहज उघडलं. आत खुंट्या, एक झाडू, घड्या घातलेल्या खुर्च्या.

आणि जमिनीवर पाण्याचं थारोळं. त्यात न वितळलेलं थोडं बर्फ.

(पडदा पडत नाही)

आता घरात वेंडेल प्राउटी राहतो.

तो दिवे लावतो. गाडी चालवतो. आधी जपून चालवायचा, आता सरावला. बर्फाचा इशारा आला की दूध आणि पाव आणतो. शेजारी म्हणतात, पहिल्यापेक्षा बरा झाला, काही मागा, नाही म्हणत नाही.

दुपारी न्हाणीघरातून हसण्याचा आवाज येतो. एकदा मोठ्याने. मग थांबून, जरा कमी. मग वेगळं, नाकातून. आणि मग दाराआडून तो विचारतो, "मी हसताना मान मागे टाकायचो का गं?"

पहिल्यांदा ती गप्प राहिली होती.

दुसऱ्यांदाही.

पण तो पुन्हा पुन्हा विचारतो. मऊ आवाजात. आणि चुकीचं हसणं ऐकत बसणं तिला त्या विचारण्याहूनही सोसत नाही. ते रविवारचं हसणं असेल, वेंडेल धिरडी करपवून स्वतःवरच हसायचा तसलं, आणि ते घरभर चुकीचं फिरत राहतं...

एका दुपारी तिने सांगून टाकलं. "हो. मागे टाकायचास."

तेव्हापासून तो टाकतो.

"मी काय करू, डेल्फीन?" लोइसने फोनवर विचारलं.

 डेल्फीनने हॅना करणं सोडलंय. कपडे पेटीत भरून पेटी भाच्याकडे पाठवून दिली.

"काय सांगू तुला, बाई," ती म्हणाली. "चांगलं करतोय तो. आणि रोज सुधारतोय."

लोइस दुपारी प्रार्थनाघरात जाते. किल्ली मंडळाच्या बाईंनी देऊन ठेवली आहे, कशाला ते विचारलं नाही. ती बाजूच्या खोलीचं दार उघडते, त्याला खुर्ची लावून ठेवते, आणि पहिल्या बाकावर बसते.

खोली रिकामी असते.

थोड्या वेळाने आतून कुणीतरी घसा खाकरतं.

बाहेर पाऊल टाकण्याआधी वेंडेल असाच खाकरायचा. मग जाकिटाची बटणं चाचपायचा. मग शेवटचा एक श्वास घ्यायचा. श्वास तिला ऐकू येतो. मोठा, भरून घेतलेला. हाकेची वाट बघत धरून ठेवलेला...

पहिल्या दिवशी तिने हाक मारली. का नाही मारणार?

"वेंडेल प्राउटी!"

पर्समधला फोन वाजला.

"हाक मारलीस का गं?" तो म्हणाला. "आलोच."

आणि खोलीत धरलेला श्वास सुटला. पुन्हा खाकरणं ऐकू यायला फार दिवस गेले.

तिने दुसरी नावं वापरून पाहिली. घरातलं लाडाचं नाव. कॉलेजातलं नाव. हळू आवाजात. मनातल्या मनात.

प्रत्येक वेळी फोन वाजला. एकदा फोन घरीच विसरली होती, तर तो गाडी घेऊन प्रार्थनाघराच्या दारात येऊन उभा राहिला. मान मागे टाकून हसला. अगदी बरोबर हसला.

आता ती नाव घेत नाही. नुसती बसते. आतला माणूस खाकरतो, बटणं चाचपतो, श्वास धरतो. ती बाकाची कड दोन्ही हातांनी धरते आणि ओठ घट्ट मिटून घेते.

उजेड कमी झाला की उठते. खुर्ची काढत नाही. दार उघडंच ठेवून घरी जाते.

लग्नाच्या दिवशी, पाद्र्यासमोर, वेंडेल स्वतःचं नाव सांगताना अडखळला होता. घरातला हा एकदाही अडखळत नाही.